उपाशी पाणी

३ मार्च
आलो एकदाचा! दुकान झकास आहे. खाली काचेच्या टाक्या, वर पोटमाळ्यावर माझी खोली. टाक्यांत मासे नावालाच. खरी मिजास पाणवनस्पतींची. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही तेच म्हणायला लागलो. त्यांनी विचारलं, कॉलेज अर्धवट का सोडलंस? खरं ते सांगितलं: एकानं माझ्या मैत्रिणीवरून टोमणा मारला, मी त्याची कॉलर धरली, पुढचं रामायण तिथूनच. काका म्हणाले, इथे सगळी काच आहे बाबा, जपून.
ती मला सोडून जाताना एवढंच म्हणाली होती, आधी राग आवर, मग बोल. बघूच.

६ मार्च
इथलं नळाचं पाणी जड. काचेवर पांढरे ओघळ धरतात, नाजूक रोपं खुरटतात. म्हणून मशीनमधून गाळलेलं शुद्ध पाणी घ्यायचं, पण त्यात निम्मं नळाचं मिसळायचं. काकांचं म्हणणं, शुद्ध पाणी उपाशी असतं. क्षार नाही मिळाले तर समोर येईल ते खातं. मी वाद घातला. तर गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, प्रेमात गटांगळ्या खाणाऱ्यानं आम्हाला पाणी शिकवू नये. सगळे फिदीफिदी हसले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दर्शनी टाकी नुसत्या शुद्ध पाण्यावर फुलवून दाखवतो म्हणालो. काकांनी हात झटकले.

१४ मार्च
आधी गोगलगायी गेल्या. शंख पांढरे पडले, ठिसूळ झाले, मग दिसेनातच. पानं पिवळी पडली. हट्टानं सगळी रोपं पुन्हा लावली, दुपारभर कोपरापर्यंत हात पाण्यात. बरं वाटलं. तिची आठवणसुद्धा बोचली नाही. आज बघतो तर प्रत्येक बुडख्याला कोंब!

२२ मार्च
टाकीत नुसतं रान माजलंय. लोक काचेला नाक लावून बघतात. काका मात्र चिंतेत. हे खातंय तरी काय, असं पुटपुटतात. नळाचं पाणी घाल म्हणाले, मी नाही म्हटलं, त्यांनी गाढव म्हटलं. आणि मला राग आला नाही. अडकलेल्या शिंकेची वाट बघावी तशी वाट बघितली. नाहीच आला.
तिला टाकीचा फोटो पाठवला, आता राग येत नाही हेही कळवलं. उत्तर आलं! ५ तारखेला येते म्हणाली.
खोलीत एकटाच मोठ्यांदा हसलो. आवाज फारसा झाला नाही.

२९ मार्च
नखं भिजल्या कागदासारखी झालीत. हात बाहेर येतो तो दर वेळी जरा फिकट. थांबायला हवं. पण एक दिवस हात घातला नाही की पानं माना टाकतात, आणि ती टाकी बघायलाच येणार आहे.
ताईला फोन केला. हॅलो, हॅलो करत राहिली. मी घसा ताणून ओरडलो. ती आईला म्हणाली, कुणी बोलतच नाही गं.

२ एप्रिल
काकांनी एकट्यापुरता चहा केला. शेजारच्या दुकानदारानं विचारलं, पोरगा कुठंय? काका म्हणाले, डोकं फिरलं असेल, गेला असेल पाय आपटत. खूप वेळ दाराकडे बघत बसले.
मी त्या दारातच उभा होतो.

४ एप्रिल
नळाचं पाणी ओतायचं — आता तेवढंच. बादली भरली. कडी तळव्यातून आरपार — पुन्हा — नाही.
पेन अजून धरता येतंय. दोन्ही हातांनी.

५ एप्रिल
ती आली. जिन्यावर बसून लिहितोय, ती समोर दहा पावलांवर. हाका मारल्या. केससुद्धा हलला नाही.
तिनं काकांना माझ्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, तापट होता, गेला. ती म्हणाली, नाही हो, आता त्याला राग येत नाही, त्यानंच लिहिलंय. आणि हसली. माझ्यासाठी हसली —
काका आत गेले. ती टाकीजवळ वाकली. एक पान तरंगतंय, ते काढायला बाही वर —
नको.
ओरडायला हवं. त्या दिवशी वर्गात ओरडलो होतो तसं. राग हवा, थोडासा तरी — शोधतोय — सगळा तिकडे गेलाय, हिरवा होऊन —
बोटं टेकली पाण्याला. बरं वाटतंय तिला. डोळे मिटले तिनं.
राग नाही. भीती आहे. तेवढी पुरेल —
ही वहीच फेकून मारतो, दचकून निदान हात तरी बाहेर —