सिद्धूच्या वाट्याचं पाणी

औसा, मे १९८३

प्रिय सिद्धू,

तब्येतीला जप, असं सगळे लिहितात. मी लिहीत नाही, कारण तू कधी जपलीच नाहीस. भाकरी जरा करपली की ताट सरकवायचास. तिथं जेलात काय करतोस कुणास ठाऊक. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसला तू. सतरा वर्षांचा झालास, पण आई गेल्यावर मी कडेवर घेतला तेवढाच वाटतोस मला अजून.

इकडं टँकर तीन दिवसांआड येतो. मठाच्या विहिरीत नुसते दगड दिसतात. पोरं नाक धरून उडी मारायची, तू मात्र दोन्ही हातांनी गळ्यातलं लिंग धरायचास. आपण लिंगायत, जीव असेपर्यंत ते अंगावेगळं करायचं नाही, हे तुला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. लोक लई हसायचे. मला कौतुक वाटायचं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा तू म्हणालास, अक्का, आता म्या कलेक्टर हापिसात पट्टेवाला होतो बघ. परवा कोर्टात पट्टेवाल्यानं तुझं नाव पुकारलं, आणि मला तेच आठवलं.

धुरपताबाई टँकरच्या रांगेत माझ्या मागंच असते. तिचा नवरा, आपले पंढरीकाका, गेल्यापासून बोलत नाही. काल घागर मला डोक्यावर घेता येईना, तर तिनं मुकाट्यानं हात लावला. घरी येऊन मी पोटभर रडले. त्या अमावस्येला मोंढ्याचा बाजार बंद, काका धान्याच्या आडतीवर एकटेच राखणीला. गल्ला लुटायला तुझ्यासंगं आलेल्या त्या दोघांना काकांनी दार उघडलं नसतं रे. तुझा आवाज ओळखीचा, म्हणून उघडलं. आणि त्या दोघांनी दुकानातलंच वजन त्यांच्या डोक्यात घातलं.

आपले वकील म्हणतात, त्या दोघांनी फिरायला म्हणून पोराला नेलं, त्याला काहीच ठाऊक नव्हतं, एवढंच तुम्ही सांगा. पण सिद्धू, त्या दिवशी तू गेल्यावर कोनाड्यात विभूतीच्या डबीमागं मला तुझं लिंग सापडलं. फडक्यात नीट गुंडाळलेलं. विहिरीतसुद्धा जे सोडलं नाहीस, ते घरी ठेवून गेलास. देवाला सोबत न्यायची लाज वाटली तुला. म्हणजे ठाऊक होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. दुसऱ्याच्या लिंगाची पूजा करू नये म्हणतात, तरी माझ्या पाण्यातला एक पेला रोज त्याच्यावर घालते. तुझं आहे, तहानलेलं कसं ठेवू?

हे पत्र मठाच्या स्वामींच्या हाती देते, टपालानं वेळेत पोचायचं नाही; सोमवारी माझी साक्ष आहे. धुरपताबाई समोर बसलेली असेल, खोटं माझ्या तोंडातून निघणार नाही. माझ्या आधी तूच उठून खरं सांग, बाळा. शिक्षा होईल, मला कळतं. तू बोलला नाहीस तर मला बोलावं लागेल, आणि ते मला जन्मभर सलेल. लिंग पदराच्या गाठीत घेऊन येते. तू बोललास की साहेबांच्या पाया पडून परवानगी काढीन, आणि माझ्या हातानं तुझ्या गळ्यात बांधीन.

कुठल्याही बाजूनं बोलले तरी तुझीच,
जगदेवी अक्का