समुपदेशक बाईंच्या खुर्चीत

नाशिक, श्रावणातील शनिवार, २००३

हे करुणाघना, माझा हात तूच धर.

समुपदेशक बाईंच्या पदाला अनुदान मिळेना, म्हणून संस्थेने त्यांना निरोप दिला. "अण्णा, तुमच्या प्रवचनानं मोठी माणसं सावरतात, मग पोरं का नाही सावरणार?" असे म्हणून मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवले. मीही सुखावलो.

आज दहावीतील एक मुलगी आली. वेणीची रिबीन सोडत, पुन्हा बांधत म्हणाली, "अण्णा, मी नसले तर घरी बरंच होईल."

आणि मी तिला काय सांगितले? देहाची नश्वरता! मृत्यूचे भय मिथ्या आहे! रिबीन हातात तशीच सुटलेली राहिली, हे दिसत असूनही मी बोलतच होतो. "पटलं, अण्णा," म्हणून पाया पडून ती गेली.

काय पटले तिला? सायंसंध्येला बसलो आणि संध्या अर्ध्यावर सोडून उठलो. तत्काळ तिच्या घरी फोन केला. आई आनंदात होती. "आज लय शांत आहे हो पोरगी. तुमच्या बोलण्यानं गुण आला!"

त्या शांततेचीच भीती वाटते. तिला क्षणभरही एकटी सोडू नका, असे आईला विनवले. मग बाईंना फोन केला. पद नाही, पगार नाही, तरी त्या म्हणाल्या, "रिक्षा घेऊन येते, तुम्ही तयार राहा. आणि अण्णा, आज काही सांगायचं नाही हं. फक्त ऐकायचं."

रिक्षा दाराशी आली. हे पान ज्याच्या हाती पडेल, त्याच्या घरचे लेकरू सुखरूप असो, आणि त्याचे ऐकून घेणारे कोणी जवळ असो.