चिंधीचा दुधी आणि मागचा परस

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, घड्याळे दुरुस्त करणाऱ्याची विधवा, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा त्यांना विचारत नाही, असे वकील म्हणतात.

१. खालच्या मजल्यावरच्या दोन्ही खोल्या आणि स्वयंपाकघर मुलाला द्यावे. भिंतीतली ओलही त्याच्याच वाट्याला आहे.

२. बँकेतली शिल्लक मुलीला. यावर तिच्या भावाने तोंड वाकडे करू नये. आजारपणात माझी उठबस कोणी केली, हे त्याला ठाऊक आहे.

३. पुस्तके नातीला. वाचायला मी लग्नानंतर शिकले, तेही बियांच्या पाकिटांच्या पाठीवरून. छापलेले सगळेच खरे नसते, हेही तिथेच शिकले.

४. ह्यांचे चिमटे, भिंग आणि पेचकस दुकानातल्या भागीदाराला. एक बारीक ब्रश सोडून. त्याचे पुढे येईल. भिंतीवरचे घड्याळ थोडे पुढे आहे. मी तयार व्हायला वेळ लावते म्हणून ह्यांनीच ते तसे लावले होते. ते कोणी बरोबर करू नये.

५. मागचा परस. इथे जरा सविस्तर लिहिते.

मुलाला तिथे फरशी हवी आहे. "आई, चिखल जाईल, गाडी आत लागेल." गाडी रस्त्यावर उभी राहते. दुधी राहत नाही.

त्या मातीत मिरची झाली, वांगी झाली. टोमॅटो हिरवे होते तोवर आमचे, लाल झाले की पाखरांचे. लिंबाचे झाड उंच, देखणे आणि एकाही फळाविना. सासूबाई त्याला "जावई" म्हणत. पपई एकदाच लागली, पण इतकी गोड की शेजारच्या मास्तरांनी भिंतीचा वाद त्या दिवसापुरता बंद ठेवला.

दुधी मात्र ह्यांचा. त्याची फुले संध्याकाळी उमलतात. दुकानातून आले की हे घड्याळाचा ब्रश घेऊन वेलाखाली जात आणि नरफुलातला पराग मादीफुलाला लावत. "सोयरिकी जुळवून झाल्या असतील तर चहा घ्या," मी म्हणायची. दरवर्षी सर्वांत सरळ, निरोगी दुधी बियाण्यासाठी राखायचा आणि त्याच्या देठाला चिंधी बांधायची. चिंधीच्या दुधीला हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता.

हे गेले त्या दिवशी घर माणसांनी भरले. त्या वर्षीचा चिंधीचा दुधी अजून कोवळा होता आणि जुने बी सगळे पेरून संपले होते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेने तोच दुधी तोडला आणि भाजी करून सगळ्यांना वाढली. मीही खाल्ली. दुसऱ्या दिवशी चिंधी केराच्या टोपलीत सापडली.

"ताई, माणसं उपाशी बसली होती," ती म्हणाली. "मी काय चिंध्या बघत बसू?"

तिचे बरोबर होते. म्हणूनच राग जाईना.

मग विकतचे बी आणले. एका वर्षी नुसती पाने, पुढच्या वर्षी दुधी कडूजहर. जावेशी मी कामापुरते बोलत राहिले. "पाणी आले", "पाणी गेले", एवढेच.

यंदा मी पडले आणि खाटेला खिळले. परस वाळणार, असे धरून चालले होते. एका संध्याकाळी खिडकीतून पाहिले, तर जाऊ वेलाखाली ब्रश घेऊन उभी.

"तुला कोणी शिकवलं?"

"वरून सगळं दिसतं, ताई. भावजी खाली आले की मी कुकर लावायची."

पुढे एका दुधीच्या देठाला चिंधी दिसली. तिच्या चांगल्या साडीचा काठ होता तो.

"घरात जुनं फडकं नव्हतं का गं?"

"जुनं फडकं पुन्हा माझ्याच हातून केरात गेलं असतं. हे नाही जायचं."

तो दुधी कडू की गोड, हे मी कोणाला चाखू दिले नाही. बी कसे निघते, ते तो वाळल्यावरच कळेल. ह्यांच्या बियाण्याचा तो नाही, हे मला कळते.

परस आणि ब्रश जावेला द्यावा. अट एकच, फरशी नाही. वकील म्हणाले, "आजी, तुमच्या माघारी दुधी लावायची सक्ती करता येणार नाही." सक्ती मी लिहिलेलीच नाही.

६. लिंबाचे झाड तोडू नये. फळ देत नाही म्हणून काढायचे ठरले, तर या घरात फार जण उरणार नाहीत.

ठिकाण: मागची खोली, खिडकीपाशी.
दिनांक: ९ ऑक्टोबर, संध्याकाळ.
सही: (माझी, डावीकडे झुकलेली; नेहमी तशीच येते)

साक्षीदार पहिला: वरच्या मजल्यावरची धाकटी जाऊ. हे नाव खोडले आहे. ज्याला मिळते त्याने साक्षीला सही करू नये, असे वकिलांनी ऐन वेळी सांगितले. तिने पेन हातात धरूनच विचारले, "म्हणजे मला काय मिळतंय?" मी सांगितले. तिने पेनाला टोपण लावले. मग म्हणाली, "ताई, यंदा बी अर्धं खाली ठेवू, अर्धं वर माझ्याकडे. सगळं एका घरात नको."

तसेच करावे.

साक्षीदार पहिला (बदली): शेजारचे मास्तर. भिंतीचा वाद कायम.
साक्षीदार दुसरी: डॉक्टरीणबाई.