ठमीचं चिलखत

३ मार्च
ठमीचा पाठीचा कडक ब्रेस दप्तरात! वह्यांखाली दडपलेला. सकाळी माझ्यासमोर अंगात चढवायचा आणि शाळेच्या बाथरूममध्ये काढून ठेवायचा — इतके दिवस बाईसाहेब मला चक्क बनवत होत्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, "वाढ थांबेपर्यंत दिवसभर घालायचा. नाहीतर कणा आणखी वाकेल, मग ऑपरेशन." तेरा वर्षांच्या पोरीच्या पाठीचं ऑपरेशन! मी ओरडले. ठमी रडली. "सगळे पाठीवर टकटक करतात, आई. विचारतात, आत कोण आहे?"

५ मार्च
शाळेत वेशभूषा स्पर्धा आहे. ठमीला सामुराई व्हायचंय — जपानी योद्धा, डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात. मी म्हटलं, विकत आणू. तर हे म्हणे, "मी करतो." गाड्यांची सीट कव्हरं शिवणारा माणूस! "सीट काय नि सामुराई काय, माप नीट हवं." घ्या!

८ मार्च
हॉलमध्ये पाण्याचा फुटका ड्रम कापून पसरलाय. बसायला जागा नाही. ह्यांनी ठमीचं माप घेतलं, तेही ब्रेस अंगात असताना. ती कुरकुरली तर म्हणाले, "सीट फ्रेमसकटच मोजतात." जित्याची खोड!

९ मार्च
शिरस्त्राणासाठी माझं घमेलं गेलं. विचारलंसुद्धा नाही.

१३ मार्च
आज दूध उतू गेलं आणि मला पत्ता नाही. मी चिलखताच्या पट्ट्यांकडे बघत बसले होते.

काळ्या रंगवलेल्या, काठाला भोकं पाडलेल्या. हे लाल दोरी एका भोकातून खाली, दुसऱ्यातून वर काढतात, ओढून बघतात, पुढे जातात. प्रत्येक पट्टी वरचीला लटकलेली. एका टोकाला बोट लावलं की अख्खी ओळ सळसळत हलते! परवापरवापर्यंत तो ड्रम होता हो. इतकी वर्षं या हातांना मी जेवण वाढतेय आणि आज पहिल्यांदा नीट बघितले.

"अशी काय बघतेस?" म्हणाले. मी लाजले. या वयात!

१६ मार्च
चिलखत तयार. ठमीने ब्रेस काढून कॉटवर फेकला. "याच्या आत तो कशाला?" मग चिलखत चढवलं — आणि सगळा विचका. एक खांदा खाली, छातीची पाटी फिरून बगलेत, कमरेच्या झालरी वेड्यावाकड्या. तिचा चेहरा एवढासा झाला.

मी ह्यांच्यावर घसरले. "घातलात ना घोळ! ब्रेसवरून माप कोण घेतं?"

"ती तो काढेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं," म्हणाले. खरंच आलं नसावं. चेहरा पार उतरला होता. चिलखत मांडीवर घेतलं, कात्री उचलली. सगळं उसवणार!

"थांबा बाबा." ठमी आत गेली. ब्रेस घालून आली, हात वर करून उभी राहिली. ह्यांनी एकेक दोरी पुन्हा बांधली. घमेलं चढवलं.

देवा! काय ताठ उभी होती! पट्टी न् पट्टी जागेवर. ती वळली तशी सगळं अंग झुळझुळलं. माझ्या हॉलमध्ये कुणीतरी मोठं, अनोळखी माणूस उभं होतं. मी आपोआप बाजूला सरकून वाट दिली. मग भरून आलं, आणि लपवायचं काही कारण नव्हतं.

१९ मार्च
दुसरा नंबर! पहिला एका चालत्या-फिरत्या फ्रिजला. फ्रिज चांगला होता, खोटं कशाला बोलू — दार उघडलं की दिवा लागत होता.

पण स्टेजवर बाईंनी विचारलं, "अगं, एवढी ताठ कशी?" ठमीने सगळ्या शाळेसमोर बाजूच्या दोऱ्या सोडल्या आणि ब्रेस दाखवला. "याच्यामुळे. मला घालावा लागतो." वर दोन टिचक्या मारल्या. "वाजतो पण." टाळ्याच टाळ्या! हे शेजारी बसून उगाच चष्मा पुसत होते.

२० मार्च
संध्याकाळी दारात एक मुलगी. ठमीच्याच शाळेतली, नववीतली. एवढ्या उकाड्यात जाड, ढगळ स्वेटर. मी काही विचारायच्या आत तिने ठमीचा हात धरून स्वतःच्या कमरेवर दाबला. ठमी माझ्याकडे वळली, "आई, हिलाही ब्रेस!" कडक प्लास्टिक! दोन वर्षं घालतेय, शाळेत कुणालाच ठाऊक नाही. "काका मलाही चिलखत करून देतील?"

हे टेप घेऊन उठले. ठमीने तो त्यांच्या हातातून घेतला.

"माप मी घेते, बाबा. ताई, तू आधी तो स्वेटर काढ बघू. उकडत असेल."