उत्तरेला त्याची आई

कोरिया, ९ नोव्हें. १९५३
सखा, तुझं पत्र आबांचे दिवस होऊन गेल्यावर पोचलं. दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा तू म्हणालास, "आबा, थोरला माघारी यील, मेंढरं इकायची न्हाईत." मग शिवला. बरं केलंस. इकडं यायला नाव मीच दिलं होतं, ते आबांना...
आज डोक्यावरचे केस उतरवले. साताऱ्याचे हवालदार म्हणाले, "काय वेल्हेकर, थंडीत जावळ काढलं व्हय?" कारण कळल्यावर आपली लोकरी टोपी मला दिली.

१० नोव्हें.
कुंपणावर पहारा. लढाई थांबलीय, धरलेले कैदी राखायला आपली पलटण. आतले कैदी उत्तर कोरियाचे. आम्हाला घरी जायचं नाही म्हणतात. खरंच म्हणतात की कुणी म्हणायला लावतं, कळत नाही.
एक चाळिशीचा तारेजवळ आला. चाल आपल्या विंझरच्या मामांसारखी, वाकून. माझ्या डोक्याकडं बोट केलं. मी मिशीवरून हात फिरवून आभाळ दाखवलं, म्हणजे बाप गेला. त्यानं स्वतःच्या डोक्यामागं अंबाडा दाखवला. म्हणजे आई. मग उत्तरेकडं बोट. मग मागं बघून गळ्यावरून बोट फिरवलं. म्हणजे घरी जातो म्हटलं तर आतलेच मारतील.

११ नोव्हें.
सुभेदारसाहेबांना सांगितलं. म्हणाले, "खुणेवर माणूस काढता येत नाही. आत शिरलो तर दंगा होईल आणि पहिला तोच मरेल. दारापर्यंत त्याला येऊ दे."
दाराबाहेर फक्त आजाऱ्यांना सोडतात, सकाळी.

१२ नोव्हें.
तो आला. मी पोट धरून वाकलो, दार दाखवलं. त्यानं मान हलवली नाही. मागं आतलेच दोघं कैदी उभे होते. त्यांनी माझी खूण पाहिली असेल तर...

१३ नोव्हें.
आजाऱ्यांत नाही. तारेशीही नाही. आत दिवसभर त्यांची गाणी, घरी जाणार नाही म्हणून.
हवालदार म्हणाले, "खा रं. तू उपाशी राहून त्यो सुटतोय व्हय?"

१४ नोव्हें.
आला. पोट धरून, ओठ फुटलेला, दोन्ही बाजूंनी ते दोघं. दार उघडलं. मी त्याचा एक दंड धरला, दुसरा ते सोडेनात. हवालदार मध्ये पडले, तेव्हा बाहेर निघाला.
दुभाष्यानं दोनदा विचारलं, "घरी जायचंय?" तो तारेकडं बघत राहिला. ते दोघं तिथंच उभे होते.
सध्या दवाखान्यात ठेवलाय. उद्या पुन्हा विचारतील. नाही म्हणाला किंवा गप्प राहिला, तर परत आत सोडायचा, असा हुकूम आहे.
दारावर उद्या मीच आहे. सखा, आईला हे वाचून दाखवू नको.