ताटाआधीची कळ

जऊळका
सोम., ४ नोव्हेंबर १९५७

स्टेशनवरच्या पार्सलांच्या काट्यावर वजन केलं. श्रावणात दुखणं आलं, तेव्हापासून एकवीस पौंड कमी. स्टेशनमास्तर म्हणाले, "बाई, काटा बरोबर आहे हं." काट्याची शंका मला नव्हतीच.

सकाळी पेज एक वाटी. दुपारी ताकभात, चार घास. पाचव्याला कळ. थांबले. घरकामाच्या गंगूने ताट उचललं.

शाळा वेळेवर. चौथीतल्या दोघींना उशिराबद्दल उभं केलं.

स्वादुपिंडाची सूज. बी. ए. होऊन इतकी वर्षं झाली, पण हा अवयव पोटात नेमका कुठे असतो ते अकोल्याच्या इस्पितळात कळलं. आता विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

शुक्र., ८ नोव्हें.

सकाळच्या गाडीने अकोला. श्रावणात याच गाडीत बाकावर आडवी होते. गंगूने डोकं मांडीवर धरलं होतं, वाशीमहून आलेल्या बायकांना हटकून जागा करून घेतली होती. आज बसून गेले. हे काही कमी नाही.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "सूज गेली, बाई. केव्हाच गेली."

"मग कळ कुठून येते?"

"ते तुम्हीच मला लिहून आणा. किती वाजता आली, आणि तिच्या आधी काय झालं."

मला राग आला. मी काय ढोंग करते? ते हसले नाहीत. म्हणाले, असं दुखणं एकदा भोगलं की पोट पहाऱ्यावर बसतं, आणि पहारा देऊन देऊनही पोट दुखतं. कळ खरी, आजार मात्र तो नव्हे. खरा आजार उलटला तर कळ पाठीत जाईल, थांबणार नाही, उलट्या होतील. तेव्हा घटकाभरही न थांबता यायचं. तूप-तळण नाही. पण भाकरी, वरण, भाजी खाल्लीच पाहिजे. "उपाशी राहिलात तर दुसरंच दुखणं घेऊन माझ्याकडे याल."

तरुण माणूस. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीचा मुलगा शोभेल. पण बोलला सरळ. बरं वाटलं.

मंगळ., १२ नोव्हें.

नोंदी.
शनि.: ११.२०. आधी – गंगूने पाट मांडला.
रवि.: ११.१५. आधी – भाकरी थापल्याचा आवाज.
सोम.: शाळेत. आधी – शेजारून फोडणीचा वास.
आज: ११.२०. ताट समोर, हात लावलेला नाही.

जेवणानंतर एकदाही नाही. दोनदा वाचून पाहिलं. तळहाताला घाम, छातीत धडधड, मग कळ. म्हणजे भी. आधी, पो. नंतर. (भीती, पोट. पूर्ण लिहायला लाज वाटते.)

परीक्षेच्या सकाळी पोट धरून बसणाऱ्या मुली आठवल्या. "नाटकं पुरे, पेपर घे." तीस वर्षं हेच म्हणत आले. त्यांची पोटं खरंच दुखत असतील.

शनि., १६ नोव्हें.

सकाळची शाळा सुटता सुटता पाटलीणबाई तीन बायका आणि नारळ घेऊन हजर. एकादशीला मी त्यांच्याकडची भगरही नाकारली, तेवढ्यावरून गावाने ठरवून टाकलं आहे.

"बाईचं व्रत लय कडक हाये. तीन मयने झाले, भाकरीले शिवल्या नाईत."

एकीने पायांवर डोकं ठेवलं. पोरीच्या लग्नाचं जमू दे म्हणाली. मला!

तिथेच 'नाही' म्हणायला हवं होतं. "मला काम आहे," म्हणून आत गेले. भित्रीपेक्षा व्रती म्हणवून घेणं सोयीचं आहे, हे खरं कारण. एरवी खोटं बोलणाऱ्या मुलीला मी तासभर उभं करते.

गुरु., २१ नोव्हें.

गंगू अंगणात घागरीसकट खाली बसली. चक्कर. ओठ पांढरे. गूळ-पाणी दिलं.

"काय झालं?"

"काई नाई. ऊन लागलं."

नोव्हेंबरात? वर्गात घेते तशी उलटतपासणी घेतली. शेवटी बोलली. अकोल्यात मी गुंगीत असताना तिने खंडोबाला नवस केला: बाई वाचल्या तर चंपाषष्ठीला रोडगे करीन, आणि बाई भाकर खात नाईत तोवर मीही पोटभर खाणार नाही.

"तुमी चार घास, तं मी चार घास."

"केव्हापासून?"

"तवापासून."

पाण्याच्या घागरी, दळण, धुणं, सगळं चार घासांवर. चौदा वर्षं माझ्या घरात आहे. मी तिच्या ताटाकडे कधी पाहिलंच नाही.

"मूर्ख आहेस," म्हटलं.

"हाव," म्हणाली.

रवि., २४ नोव्हें.

गंगूला समोर बसवलं, दोन ताटं. कळ ११.१५, ठरल्याप्रमाणे. लिहून ठेवली आणि घास घेतला. मग दुसरा. गंगूने माझ्यामागोमाग घास घेतला. पाऊण वाजता कळ नव्हती.

अर्धी भाकरी. गंगूचीही अर्धी, मोजून.

बुध., २७ नोव्हें. चंपाषष्ठी

देवळामागे सकाळपासून गोवऱ्या पेटल्या होत्या. राखेत कणकेचे जाड रोडगे, विस्तवात भरताची वांगी. गंगूचा शिधा, पाटलांचे गडी. पंगतीत शंभर-एक माणूस.

इकडची रीत: ज्याच्यासाठी नवस फेडायचा, त्याने पहिला घास घ्यायचा. तोवर कोणी पत्रावळीला हात लावत नाही. मला हे ठाऊक होतं. शंभर माणसं हात आवरून माझ्याकडे बघत असताना कसं वाटतं, ते ठाऊक नव्हतं.

कळ आली. मोठी. घाम. शेजारी गंगू, मान खाली.

समोरून पाटलीणबाई – "बाईचं व्रत आज सुटून राह्यलं, बोला येळकोट!"

मी म्हटलं, थांबा. वर्गातला आवाज लागला. "व्रत नव्हतं. मला खायची भीती वाटत होती. दुखणं पुन्हा येईल म्हणून. व्रत असेल तर ते गंगूचं."

 मग पाटलीणबाई म्हणाल्या, "भेव तं भेव. मले त गाडीत बसाचं भेव वाटते, म्हणून मी अजून अकोला नाई पाह्यलं. घास घ्या, भरीत थंडं होऊन राह्यलं."

हशा पिकला. मी घास घेतला. रोडग्याचा पापुद्रा, कोरडा, आणि भरीत. राखेचा वास. किती दिवसांनी चव लागली!

पाव रोडगा खाल्ला, तूप नाही. गंगूने चार खाल्ले. चार! पाटलाचा गडी म्हणाला, "गंगे, खंडोबाले ठेव काई."

लिहायचं राहू नये म्हणून: गंगू. डॉक्टर. पाटलीणबाई. यांच्यामुळे.

गुरु., २८ नोव्हें.

सकाळी ७.१०. कळ. आधी काही नाही. ताट नाही, वास नाही, आवाज नाही. लहान आहे. पाठीत नाही. उलटी नाही. घड्याळ समोर ठेवलं आहे. अकोल्याची गाडी अजून गेलेली नाही.

७.३०. आहे. वाढलेली नाही, बहुधा.

गंगू दारात. "बाई, आज भाकर टाकू का पेज?"

तिच्याकडे पाहिलं. ओठांना रंग आला आहे.

"भाकरी टाक. दोन ताटं घे."

७.४०. थापण्याचा आवाज सुरू झाला.