चिमोल आता गवत खातो

२१ मे, रविवार
आजपासून चिमोलची जबाबदारी माझी. तोंडी ठरलं, पण विविनसमोर ठरलं. बायकोसमोर ठरलेलं या घरात बदलत नाही.

मूळ विषय रिनरिनचा. ऑगस्टपासून तिचं जातिनांगोरला कॉलेज. मी म्हटलं, रोज मोटारसायकलवर सोडीन, आणीन. चिमाहीहून असं कितीसं लांब आहे? तर म्हणाली, अबाह, खोली ठरलीये, मैत्रिणीबरोबर. विविनला हे माहीत होतं. शेजारच्या हाजी ओमानना माहीत होतं. अबाह म्हणवणाऱ्या बापाला आज कळलं. असो.

मग सशाचा प्रश्न निघाला. मी म्हटलं, चिमोल इथंच राहू दे, मी बघतो. ती हसली. कुत्सित नव्हतं ते हसणं, मी तरी तसं धरलेलं नाही. म्हणाली, तुमच्या हातून तो गवत खायला लागला तर ठेवते, नाहीतर सोबत नेते.

गवताचं महत्त्व डॉक्टरीणबाई मागेच सांगून बसल्यात. सशानं दिवसभर सुकं गवत चावलं पाहिजे, नाहीतर दाढा वाढतात आणि पोट बंद पडतं. चिमोलला केळं चालतं, गोळ्यांचा खाऊ चालतो, विविनच्या कुंडीतली तुळस चालते. गवत पाहिलं की पाठ फिरवतो.

हिशेब साधा आहे. ससा घरी, तर मुलगी दर शनिवारी घरी. हे अर्थात तिला बोललो नाही.

गिरणीत उभं आयुष्य कापड तपासलं. माझ्या नजरेतून एक सुटा धागा गेला नाही. ससा तो काय!

२३ मे
परदेशी गवत आणलं. वास असा की मलाच खावंसं वाटलं. चिमोलनं हुंगलं, मग त्यावर मुतला.
म्हणजे दखल घेतली. सुरुवात वाईट नाही.

२६ मे
पुठ्ठ्याच्या नळीत गवत भरून दिलं. सशांना शोधून खायला आवडतं असं वाचलं होतं. चिमोलनं नळी खाल्ली, गवत ठेवलं.
विविन म्हणाली, काहीतरी खातोय ना, मग पुठ्ठाच आणा.
ही बाई दिवसाला ढीगभर भाताचे डबे विकते. त्यामुळे खाण्याच्या विषयात आपल्याला सगळं कळतं असा तिचा समज झालाय.

३० मे, सकाळ
प्राणी पाहून शिकतात. म्हणून त्याच्यासमोर चारी पायांवर बसून स्वतः दोन काड्या चावल्या. चव ठीक. नेमक्या त्या वेळी डबे भरायला येणाऱ्या बायका मागच्या दारानं आल्या. एकीनं विविनला विचारलं, बाई, अबाहंना भात पुरत नाही का गं?
खूप हसल्या. हसू देत. गिरणी बंद पडल्यावर यांचे नवरे रिक्षा चालवायला लागले, मी निदान घरात मान राखून आहे. आणि गिरणी मी सोडली होती. बंद नंतर पडली. हा फरक कोणी लक्षात घेत नाही.

२ जून
मेहुणा तातांग आला. लेम्बांगच्या रस्त्यावर त्याची टेम्पोगाडी उभी असते, सशाच्या मांसाच्या काडी-कबाबांची. चिमोलकडे तो शिंपी गिऱ्हाइकाकडे बघतो तसा बघतो. मला तो कांग म्हणतो, म्हणजे दादा. म्हणाला, कांग, नसेल जमत तर द्या माझ्याकडे, माझ्याकडे आलेल्या सशांची खाण्याची तक्रार कधीच नसते.
विविन हसली. भाऊ आला की ती मोठ्यानं हसते.
तो गेल्यावर ठरवलं, आता कडक. गवताशिवाय काहीही नाही.

२ जून, दुपार
चिमोल पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून माझ्याकडे बघत बसला. कितीतरी वेळ. इतका वेळ या घरात माझ्याकडे कोणी बघत नाही. शेवटी अर्धं मारी बिस्किट दिलं. तर धावत आला, दोन्ही पाय माझ्या गुडघ्यावर ठेवून उभा राहिला.
गिरणी सोडल्यापासून मी दिसलो म्हणून कोणी धावत आलेलं नाही.
याला लाड म्हणत नाहीत. याला बक्षीस म्हणतात. आधी बक्षीस, मग गवत.

६ जून
बक्षीस हा पहिला भाग त्याला पूर्ण समजलाय. दुसऱ्या भागावर काम चालू आहे.

९ जून
संध्याकाळी रिनरिननं गवताची जाळी पाहिली. काठोकाठ भरलेली. म्हणाली, अबाह, काही हरकत नाही, मी नेते त्याला.
काही हरकत नाही. माझं ओळखपत्र परत घेताना मॅनेजरही हेच म्हणाला होता. अगदी याच आवाजात.

१० जून, पहाटे
जाळी निम्मी रिकामी. नेमकं लिहायचं तर मी केली. ही तात्पुरती व्यवस्था आहे. चिमोल आठवड्याभरात खायला लागणारच. तोवर जाळीनं थोडी आघाडी घेतली, इतकंच.
काढलेलं गवत टाकायचं कुठं? कुंपणापलीकडे हाजी ओमाननी बकरी ईदसाठी बोकड बांधलाय. त्याच्यापुढे टाकलं. विनंती, नळी, बक्षीस काही लागलं नाही. माल पारखणारे असे असतात.

१४ जून
रिकामी जाळी बघून रिनरिन आईला ओरडून सांगत सुटली. फोटो काढले. मैत्रिणींना पाठवले, खाली लिहिलं, माझ्या अबाहंनी करून दाखवलं!
मग मागच्या पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसली. एकाच ताटलीतून दोघांनी तळलेलं सोयाबीनचं तेंपे खाल्लं. खोलीबद्दल सांगत होती, मैत्रीण घोरते म्हणाली. मग हळूच म्हणाली, तिकडे सगळी मुलं हुशार असणार, अबाह, माझं नाही निभावलं तर? मला माहीतच नव्हतं तिला भीती वाटते. मी म्हटलं, तू कोणाची मुलगी आहेस? ती म्हणाली, हो ना.
किती दिवसांनी अशी बसली.
बक्षीस सकाळ-संध्याकाळ चालू. बंद केलं तर तो बिथरेल आणि सगळं फिसकटेल.

१८ जून
बोकड चांगला भरलाय. पण मी गल्लीत दिसलो की ओरडतो. आज मी दुकानापर्यंत पोचेस्तोवर दोर ताणून ओरडत होता. त्याला समज दिली.

२२ जून
सकाळी चिमोलनं बिस्किट घेतलं नाही. हनुवटी ओली. लेंड्या कालपासून मिऱ्याएवढ्या, आज एकही नाही. उकाडा असेल म्हणून दुपारपर्यंत वाट पाहिली. रिनरिननं आल्या आल्या त्याला उचललं आणि थेट दवाखान्यात. मी मागून गेलो.

डॉक्टर हपसारींनी तोंड उघडून पाहिलं. मागच्या दाढा सुयांसारख्या वाढल्यात, जिभेला कापतायत. विचारलं, गवत किती खातो? मी बोलायच्या आत रिनरिननं फोन पुढे केला. रोज जाळीभर, डॉक्टर, हे बघा फोटो. डॉक्टर फोटोंकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, हे गवत खाणाऱ्या सशाचं तोंड नाही. मग माझ्याकडे वळून, बिस्किट, पाव असलं काही देता का? मी म्हटलं, छे. त्या म्हणाल्या, अगदी थोडंसुद्धा? मी म्हटलं, आमच्या घरात शिस्त आहे.

मग त्या म्हणाल्या, दाढा जन्मतःच वाकड्या असतील, नाहीतर गवत निकस असेल. हे ऐकून रिनरिन रडायलाच लागली. म्हणाली, या वेळची पिशवी मी आणली होती, स्वस्तातली, माझ्यामुळे झालं. डॉक्टर तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या. समोर भिंतीवर मांजरांच्या जंतांचा तक्ता होता. मी तो वाचला. माहितीपूर्ण आहे.
तिला योग्य वेळ पाहून सांगणार आहे.

२३ जून
दाढा घासून आणल्या. रिनरिन त्याला मांडीवर घेऊन पिचकारीनं पातळ पेज भरवतेय. ओठ हलतायत तिचे, त्याच्याशी बोलतेय. माफी मागतेय बहुतेक.
आज योग्य वेळ नव्हती.

२५ जून
तिनं महागातलं गवत मागवलं. नव्या खोलीतल्या गादीसाठी बाजूला ठेवलेले पैसे घातले. म्हणाली, मी खाली चटई टाकून झोपेन. विविन म्हणाली, अगं वेडे, कंबर जाईल. मी मधे पडलो नाही.
दुपारी चिमोलनं तिच्या हातातून चार काड्या ओढल्या आणि स्वतःहून चावल्या. मी तिथंच होतो. म्हणजे माझ्या देखरेखीखालीच गवत खायला लागला असं म्हणता येईल.
आता जुन्या गोष्टी उकरण्यात अर्थ नाही.

२९ जून, बकरी ईद
मशिदीच्या आवारात कुर्बानी झाली. वाटे पडत होते. हाजी ओमान मांडीचा तुकडा घेऊन माझ्याकडे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, या बोकडाचं खरं श्रेय या आमच्या शेजाऱ्यांना, पाक एंगकुसना. रोज पहाटे स्वतःच्या हातानं परदेशी गवत घालायचे! कुर्बानीच्या पुण्यात त्यांचाही वाटा आहे हो!
लोक वाहवा म्हणाले. एकानं माझा हात हातात घेतला.
रिनरिन तिथंच, मुलींबरोबर मांसाच्या पिशव्या बांधत होती. तिच्या हातातली गाठ अर्धी राहिली. विविन माझ्याकडे बघत होती, मग तिनं बघणं सोडलं.
मी म्हटलं, हाजीसाहेब वाढवून सांगतात, उरलंसुरलं टाकायचो. कोणी ऐकलं नाही.

घरी येताना रिनरिन पुढे चालत होती. दाराशी थांबली. विचारलं, अबाह, दवाखान्यात मी रडत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?
मी म्हटलं, दाढा जन्मतःच वाकड्या असू शकतात, डॉक्टरच म्हणाल्या.
ती म्हणाली, हं.
विविननं रस्सा केला. रिनरिन जेवायला आली नाही. मी जेवलो. मांस फार कोवळं होतं.

२ जुलै
कोणी ओरडत नाही. ओरडले असते तर उत्तर देता आलं असतं. बिस्किटांचा डबा विविननं स्वतःच्या कपाटात ठेवलाय.
विविनला म्हटलं, तू तरी तिला समजाव. ती कांदे चिरत होती. म्हणाली, गिरणीतून काढलं तेव्हा महिनाभर डबा घेऊन निघायचात, बसस्टँडवर बसून परत यायचात. मी एका शब्दानं बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं.
या गोष्टीचा इथं काय संबंध? बायकांना विषय धरून बोलता येत नाही.

९ जुलै
रिनरिनला शांतपणे खुलासा केला. मुद्देसूद. बक्षीस-पद्धत काय असते, व्यवस्था तात्पुरती कशी होती, शेवटी ससा खायला लागलाच ना. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, अबाह, नाही खात म्हणून सांगितलं असतं ना, तरी मी त्याला तुमच्यापाशी ठेवलं असतं.
हे तर्काला धरून नाही. खात नाही म्हणून तर नेणार होती.

५ ऑगस्ट
मोटारसायकल धुऊन, पेट्रोल भरून ठेवली होती. सामान तातांगच्या गाडीत चढलं. गाडीवर मोठा हसरा ससा रंगवलाय, त्याच्या मागे लाल निखारे.
रिनरिननं माझा हात घेऊन कपाळाला लावला. रीत म्हणून लावतात तसा. लगेच सोडला. चिमोल टोपलीत बसून गवत चावत होता. कच्-कच् आवाज येत होता. वर बघितलं नाही त्यानं.
तातांगला म्हटलं, हळू चालव. तो म्हणाला, कांग, काळजी सोडा, या गाडीतून पहिल्यांदाच ससा जिवंत उतरणार आहे.
सगळे हसले. रिनरिनसुद्धा. मीही हसणार होतो, तोवर गाडी निघाली.

१२ ऑगस्ट, शनिवार
पहिला शनिवार. आली नाही. पहिल्या आठवड्यात अभ्यास फार असतो.

१३ ऑगस्ट, रविवार
विविन सकाळच्या बसनं जातिनांगोरला गेली. मीही कपडे करून तयार होतो. म्हणाली, डब्यांची ऑर्डर घ्यायला कोणीतरी घरी हवं. फोन एकदाच वाजला, चुकीचा नंबर.

संध्याकाळी परत आली. सगळं विचारून घेतलं. खोली लहान आहे पण खिडकी आहे. मैत्रीण खरंच घोरते. चिमोल जाडजूड झालाय, गवत खातो, एवढंच नव्हे तर संपलं की पाय आपटून मागतो. म्हणजे माझं उद्दिष्ट पूर्ण झालं असं धरायला हरकत नाही.
विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली का?
विविन म्हणाली, न्हाणीघरातला पंप दुरुस्त झाला का विचारत होती. जाताना तुम्हाला सांगून गेली होती म्हणे, आईला बादल्या उचलाव्या लागतात म्हणून.
मी म्हटलं, मग झाला म्हणून सांगायचंस.
तिनं माझाच फोन टेबलावरून उचलला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, तुम्हीच कळवा.

मी लिहिलं, पंप झाला दुरुस्त. अगदी छान चालतो.
रिनरिननं लगेच वाचलं. उत्तर आलं नाही.
विविन बादली घेऊन अंगणातल्या नळावर गेली.
उद्या सकाळी पहिलं काम, पंपवाल्याला फोन.